पायाखालची कॉफी

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कॉफी पायाने कळायची. लोकांना ती जिभेने कळते, नाकाने कळते, काही शहाण्यांना तर लांबून पेला बघूनच कळते. मामंजींचं तसलं काही नव्हतं. कॉफी ते पीतसुद्धा नसत. नुसतं गरम पाणी प्यायचे, फुंकर मारून मारून, आणि वर आम्हालाच सांगायचे, "पिऊन काय कळणार? तोवर सगळं होऊन गेलेलं असतं."

घर उतारावर. मागे आमची कॉफी, एका दमात चालून संपेल एवढीच. उंच झाडांच्या सावलीत खांद्याइतकी झुडपं, मधून एक पायवाट. आणि घरापुढे खळं. सिमेंटचं, पाणी साचू नये म्हणून जरासं उतरतं केलेलं, आणि आमच्या तिन्ही खोल्या एकत्र केल्या तरी त्याहून मोठं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, इथे कुणीतरी आणखी एक घर बांधायला घेतलं असेल आणि विसरून गेलं असेल.

फळं लाल झाली की आम्ही घरचीच चार माणसं तोडायला जायचो. तोडायची, यंत्रात घालून सोलायची, एक दिवस हौदात ठेवायची, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायची. मग ते पांढुरके, आतल्या पातळ सालीतले ओले दाणे खळ्यावर पसरायचे. इथपर्यंत काम सगळ्यांचं. इथून पुढचे दहा-बारा दिवस फक्त मामंजींचे. धुकं उठलं की ते अनवाणी खळ्यावर उतरायचे आणि पाय न उचलता, घसटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. मागे दाण्यांत दोन सऱ्या पडायच्या. परत येताना त्या सऱ्यांच्या शेजारून दुसऱ्या दोन. खालचे दाणे वर, वरचे खाली. ऊन चढेपर्यंत चालायचे, ऊन फार झालं की वर ताडपत्री, ऊन कललं की पुन्हा चालायचे.

"निघाली स्वारी!" सासूबाई दारातून म्हणायच्या. त्यांना हा प्रकार चाळीस वर्षं बघूनही पटलेला नव्हता. "दाताळं आहे घरात. लांब दांड्याचं, चांगलं. पण नाही, आमच्याकडे पायच झिजवायचे."

मामंजींचं म्हणणं, दाताळ्याने दाणे हलतात, पण दाताळं बोलत नाही. दाणा वाळला की नाही ते बघायची यंत्रंही मिळतात आता, मूठभर दाणे टाकले की आकडा दाखवणारी. आमच्या ह्यांनी एकदा तसलं यंत्र आणायचं नुसतं नाव काढलं, तर मामंजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आणा की. आणि येताना जेवणारं पण एक यंत्र घेऊन या, मला तेवढीच विश्रांती."

मी ह्या घरात आले तेव्हा मला कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिले काही महिने मी नुसती रडायची. कुणी छळलं म्हणून नाही हं, उलट कुणी काही बोलतच नव्हतं म्हणून. माझा नवरा म्हणजे विचारलेल्याचं उत्तर उद्या देणारा माणूस. सासूबाई कामात. आणि मी मुळातली तोंडाळ! माहेरी आम्ही सहा बायका एका स्वयंपाकघरात एकाच वेळी बोलायचो. इथे सकाळी धुक्यात भांडी घासताना माझ्याच भांड्यांचा आवाज मला परक्याचा वाटायचा.

एकदा मी अशीच पायरीवर बसून डोळे पुसत होते. मामंजी खळ्याच्या त्या टोकाला होते. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे पाय दिसत नव्हते. गुडघ्यांपासून वरचा माणूस पांढऱ्यातून सरकत माझ्याकडे येतोय असं दिसत होतं. जवळ आले, माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणाले, "चप्पल काढ आणि ये मागून."

मी गेले. दुसरं करणार काय होते?

पहिल्या दिवसाचा दाणा गार असतो आणि पायाला चिकटतो, बोटांच्या फटींत जाऊन बसतो. तीन-चार दिवसांनी चिकटणं थांबतं, पण जडपणा राहतो, ओल्या वाळूत चालल्यासारखा. मग एक दिवस वरचे दाणे हलके होतात, पायाला लागले की सळसळतात. इथेच माणूस फसतो. "वरचा दाणा लबाड असतो," मामंजी पुढे चालता चालता सांगायचे, मागे न बघता. "पाय खाली घाल. खाली गार लागतंय का बघ. खाली गार आहे तोवर वरचं काही ऐकायचं नाही." मी पाय खाली घालायची आणि खरंच, उन्हाने तापलेल्या दाण्यांच्या खाली सिमेंटला टेकलेला एक थर गारच असायचा. तो गारवा रोज थोडा थोडा कमी व्हायचा. ज्या दिवशी वर-खाली एकच ऊब लागेल त्या दिवशी पोती भरायची. आधी भरलीत तर पोत्यात बुरशी धरते, उशीर केलात तर दाणा ठिसूळ होतो. मी एकदा विचारलं, "चावून बघितलं तर नाही कळणार?" म्हणाले, "दात एका दाण्याचं सांगणार. बाकीच्या लाखभर दाण्यांना कोण विचारणार?"

चालता चालता काय व्हायचं ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस जागा असतो आणि नसतोही. पाय आपले आपण जातात. दाण्यांचा आवाज एकसारखा येत राहतो, ऊन मानेवर येतं, तिथून पाठीवर उतरतं, झाडांच्या सावल्या खळ्याच्या कडेला येऊन थांबतात आणि परत फिरतात. मला त्या चालण्यात माझं माहेर दिसायचं. आईचा पदर, मागचं दार, दारातली बादली, सगळं इतकं स्वच्छ की बादलीतलं पाणी हललेलं दिसायचं. कधी न बघितलेल्या जागाही दिसायच्या, लांबच लांब पांढरे किनारे, पाणी नसलेले. मग मामंजी खोकायचे आणि मी खळ्यावर परत यायची. मला तर कित्येकदा वाटायचं की सकाळी उतरलो ते आपण दोघं आणि संध्याकाळी वर चढतोय ते दुसरेच कुणीतरी.

"कुठे जाऊन आलीस?" एकदा त्यांनी विचारलं.

"माहेरी."

"बरी आहेत ना सगळी?"

"बरी आहेत."

"मग झालं," म्हणाले आणि पुढे निघाले. अशी पंधरा वर्षं मी त्यांच्या सऱ्यांच्या शेजारून चालले. माझ्या बापाने माझ्याशी एवढं कधी बोलणं केलं नव्हतं, आणि हे तर बोलायचे काय, दिवसाला चार वाक्यं! पण जीव जडला माझा त्या माणसावर, खोटं का सांगू.

आता गेल्या वर्षीचं सांगते. गेल्या वर्षीची आमची सगळी कॉफी बिघडली. मामंजी म्हणाले वाळली, पोती भरली, कॉफी विकत घेणारा टेम्पोवाला घेऊन गेला आणि महिन्याभराने तीच पोती परत आली. ह्यांनी एक पोतं उघडलं. बंद पेटीत वर्षभर पडलेल्या कपड्यांचा असतो तसा वास. दाण्यांवर राखाडी लव. आम्ही चौघांनी पोती ओढत नेली. वर्षाची मेहनत मागच्या खड्ड्यात ओतली.

त्या संध्याकाळी जेवताना मामंजी म्हणाले, "शेवटच्या दोन दिवसांत ताडपत्री नीट टाकली गेली नाही. दव आत गेलं." ताडपत्री टाकायचं काम ह्यांचं. ह्यांनी मान खाली घातली आणि जेवत राहिले. बस्स, तेव्हापासून तेच झालं. कुणी आलं-गेलं की मामंजी सांगायचे, "आमच्या चिरंजीवांना अजून ताडपत्री टाकता येत नाही." हसत सांगायचे, पण सांगायचे. खालचा दुकानदारही ह्यांना बघून विचारायला लागला, "काय, झाकलंय ना सगळं?" आणि मी? मी तर घरातलीच. मी ह्यांना खोलीत घेऊन नको नको ते बोलले. "एवढं एक काम होतं तुमच्याकडे!" मी म्हटलं. हे म्हणाले, "असू दे." माझं डोकंच फिरायचं त्या 'असू दे'ने. माणसाने निदान भांडावं तरी!

यंदा फळं चांगली धरली. यंदाची कॉफी नीट गेली नाही तर टेम्पोवाला पुन्हा दारात येणार नाही असं त्याने तोंडावर सांगितलं होतं, आणि ह्यांनी माझ्याकडे बोलून दाखवलं होतं की यंदाही तसंच झालं तर आपण हे सोडून कुठेतरी कामाला जाऊ. हे ते एवढं मोठं वाक्य बोलले यावरूनच मी समजले, की आतून किती पोखरलेत. तेव्हा खळ्यावर दाणे पसरले त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला.

सहाव्या दिवशीची गोष्ट. ऊन कोवळं होतं, धुकं झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसलेलं. मामंजी पुढे, मी मागे, दोघंही आपापल्या तंद्रीत. मला वाटतं मी त्या पांढऱ्या किनाऱ्यावरच होते, कारण किनाऱ्यावर लाल काहीतरी दिसलं तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. लाल फूल असेल. मग आणखी एक. मग वाटलं, फळाची साल राहिली असेल धुताना. वाकून दाणा उचलला तर बोट ओलं झालं.

रक्त होतं ते. मी मान वर केली. मामंजींच्या उजव्या पायाच्या सरीत, दर पावलाला एक, लाल ठसा उमटलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत, आणि परत. तीन फेऱ्या झाल्या होत्या त्यांच्या. आणि मामंजी चालत होते संथपणे, मान जराशी कलती, नेहमी दाण्यांचं ऐकताना असायची तशी.

"मामंजी! थांबा!"

मी त्यांना पायरीवर बसवलं. तळव्यात दाताळ्याचा दात शिरला होता, पसरताना कधीतरी तुटून दाण्यांत राहिलेला, अर्ध्या बोटाएवढा. तो मी उपटून काढला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला, पण मामंजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते दुसरीकडे बघत होते. मी विचारलं, "दुखत नाही?"

"दुखतंय की," म्हणाले. पण ते मी विचारल्यावर म्हणाले.

मी जखमेशेजारी नखाने टोचलं. काही नाही. अंगठा दाबला. काही नाही. चांगला चिमटा काढला, लहानपणी भावाला काढायची तसा. मामंजी झाडांकडेच बघत होते. महिन्यापूर्वी ते वाटेवरून एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो, म्हातारपण म्हणून. चप्पल गळाल्याचं त्यांच्या पायाला कळलंच नव्हतं तेव्हा.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी डावा पाय पायरीखाली ओढून घेतला. मग म्हणाले, "डावा दोन वर्षं झाली. उजवा थोडं थोडं सांगायचा. आता तोही बोलत नाही."

दोन वर्षं! म्हणजे गेल्या वर्षी ह्या पायांनी वाळल्याचं सांगितलं ते कशाच्या जोरावर? वरच्या दाण्यांच्या सळसळीवर. त्या लबाडांवर. खाली गार होतं की नव्हतं हे ह्या माणसाला कळलंच नव्हतं, आणि ताडपत्री, आणि माझा नवरा, आणि मी त्याला बोललेलं ते सगळं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ओरडणार होते. पण ते म्हणाले, "घरात बोलू नकोस," आणि असे बघत राहिले की माझ्या तोंडाला कुलूपच बसलं. मी फडकं बांधलं, रक्ताचे दाणे वेचून काढले आणि गप्प बसले. मी गप्प बसले, बघा! सासूबाईंनी संध्याकाळी मला ताप आहे का ते हात लावून बघितलं.

पुढचे चार दिवस आम्ही दोघं चाललो, पण ते चालणं राहिलं नाही. माहेर दिसेना, किनारे दिसेनात. मी फक्त त्यांच्या पायांकडे बघायची. फडकं बांधलेला एक, उघडा एक, दोन्ही मुके. ते विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही. आपण सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि नाही सांगितलं तर कॉफी जाईल, ह्यापलीकडे माझी अक्कल चालत नव्हती. एका रेषेत चालणारी दोन माणसं आणि मधे एवढं मोठं न बोललेलं, असं कधी झालं नव्हतं आमचं.

दहाव्या दिवशी दुपार कलल्यावर मामंजींनी घराकडे तोंड करून हाक दिली, "भरा रे! झाली."

हे पोती घेऊन आले. सासूबाई सुतळी आणि दाभण घेऊन आल्या. टेम्पोवाल्याला निरोप गेलेलाच होता, तो खाली रस्त्यावर गाडी लावून वर येत होता. मी खळ्याच्या मध्यावर उभी. माझ्या पायाखाली वर ऊब होती, आणि खाली, सिमेंटला लागून, गार. थोडंच, पण गार. ह्यांनी पहिल्या पोत्याचं तोंड उघडून धरलं.

"नाही झाली," मी म्हटलं.

मामंजी वळले. "काय म्हणालीस?"

"खाली गार आहे. दोन-तीन उन्हं तरी अजून लागतील."

"तुला कुणी शिकवलं गं हे?" त्यांचा आवाज चढला. कधी चढत नसे. "मी सांगतो झाली. चाळीस वर्षं सांगतोय. भर रे तू!" आणि हे, माझे महापुरुष, वाकले की भरायला!

मला काय झालं कोण जाणे. आजही विचार करते तर वाटतं, ते एकटे असताना करायला हवं होतं, चारचौघांत नाही. पण पोतं उघडं होतं आणि वेळ नव्हता. मी म्हटलं, "मामंजी, डोळे मिटा. मी नेते तिथे एक पाय ठेवा आणि सांगा, वाळलीय का. तुम्ही म्हणाल ते खरं. मी परत तोंड उघडणार नाही."

मला वाटलं, रागावून निघून जातील. पण अभिमानी माणूस! मिटले डोळे. मी त्यांना दंडाला धरून चार पावलं नेलं, खाली गुडघ्यांवर बसले, दाण्यांवर माझा हात उपडा करून ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा उघडा पाय उचलून त्या हातावर ठेवला.

पायाचा भार पडला. हाताखालचे दाणे माझ्या तळहातात रुतायला लागले. मामंजींनी मान कलती केली, अगदी पूर्वीसारखी. चेहरा इतका शांत झाला त्यांचा, इतका लक्ष देणारा, की मला हात ओढून घ्यावासा वाटला. त्यांनी टाच जराशी फिरवली. माझ्या बोटांवर फिरवली. मग म्हणाले, "वाळलीय. मोकळा झालाय दाणा. ऐकत नाहीस तू."

 सासूबाईंच्या हातातली सुतळी खाली पडली. मामंजींना काहीतरी चुकल्याचं कळलं असावं, कारण त्यांनी डोळे उघडले आणि खाली बघितलं. माझा हात बघितला. पाय काढायचंही त्यांना सुचलं नाही, मीच हात ओढून घेतला. मला रडू फुटलं. "चुकलं माझं," मी म्हटलं, "मामंजी, चुकलं," पण आता ते परत कसं घेणार?

ते हळूच खाली बसले, दाण्यांतच. बराच वेळ दोन्ही तळवे हाताने चोळत राहिले. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या वर्षी ताडपत्री बरोबर होती. दव गेलं नव्हतं आत. मला कळलं नव्हतं, आणि मी तुझ्यावर ढकललं."

हे अजून पोत्याचं तोंड धरून उभे होते. म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गेल्या वर्षी भरताना मी खालचे चार-पाच दाणे चावून बघितले होते. मऊ होते."

मी रडायची थांबले. वर्षभर! वर्षभर हा माणूस माझी बोलणी खात होता, दुकानदाराची ऐकत होता, आणि ह्याच्या दातांना सगळं माहीत होतं! मामंजी पहिल्यांदा ह्यांच्याकडे वळले.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही भरा म्हणालात," हे म्हणाले. आणि पोतं खाली ठेवून, "तुम्हाला कळलं नाही, असं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं?"

"अरे गाढवा!" मामंजींनी मूठभर दाणे उचलून ह्यांच्या अंगावर फेकले. "वर्षाची कॉफी खड्ड्यात घातलीस, बापाचं तोंड राखायला? मी एवढा मोठा आहे का रे? अं? आणि वर माझी बोलणी ऐकत बसलास? मारायचं होतंस मला एक!"  ते रडत होते आणि शिव्या देत होते, आणि हे समोर दाण्यांत उकिडवे बसून त्यांच्या पायाचं सुटलेलं फडकं नीट बांधत होते.

"धन्य आहात दोघंही," सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. टेम्पोवाला बिचारा खळ्याच्या कडेला उभा होता. त्याने एक दाणा उचलून चावला, थुंकला आणि म्हणाला, "तीन दिवसांनी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी डॉक्टरकडे गेले, हे घेऊन गेले त्यांना. डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर आहे, तिनेच पाय बधिर झालेत, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. परत आले ते पायांत बंद बूट घालून. खळ्याच्या कडेला स्टूल मांडून त्यावर बसले आणि झाडांकडे बघत राहिले. मी एकटी चालत होते. मागून चालायची सवय असलेल्या बाईला पुढे चालणं किती अवघड, ते मला तेव्हा कळलं. सऱ्या वाकड्या पडत होत्या. त्यांच्या समोर आले की मी थांबून सांगायची, "खाली गार आहे." ते हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, हा माणूस आता आपल्याशी बोलणार नाही, आणि बोलला नाही तरी त्याचं काही चुकलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. फक्त दुपारी एकदा म्हणाले, "कडेला जाड पडलंय. तिथे पाय खोल घाल." मी घातला.

तिसऱ्या दिवशी ऊन भरपूर होतं, वारा हलका. चालता चालता मी कुठेतरी निघून गेले होते, किती दिवसांनी, आणि परत आले ती पायाखालच्या उबेने. वर ऊब, मधे ऊब, खाली सिमेंटला टेकूनही तीच. मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. कडेला पाय खोल घातला. सगळीकडे एकच.  चुकले तर? आज मी बोलणार आणि चार माणसांचं वर्ष त्या बोलण्यावर जाणार, आणि मला तरी कुणी सांगितलंय की माझे पाय खरं बोलतात?

त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मामंजी, झाली."

त्यांनी वर बघितलं. मग हात पुढे केला. मला वाटलं, दाणा मागतायत, चावून बघायला. बरोबरच होतं ते. मी वाकून अगदी तळातला एक दाणा शोधला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो खळ्यावर टाकून दिला.

"दाणा काय करू?" म्हणाले. "उठव मला." माझा हात धरून ते स्टुलावरून उभे राहिले, बुटांत नीट तोल सावरला आणि घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अरे, पोती आणा! ही म्हणतेय झाली."